हस्तलय

नांदेडच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दोन आलेख एकावर एक सरकले आणि त्यांची एकच रेषा झाली.

"असं होऊच शकत नाही," संख्याशास्त्रज्ञ अस्लम पटवेकर म्हणाला. "एक हात इथल्या कलावती नागेचा, दुसरा जालन्याच्या पारूबाई सूर्यवंशींचा. दोघी बांबूच्या टोपल्या विणतात."

"दोघी नाहीत. बाई एकच आहे, खाती दोन," डॉ. वृंदा टिळेकर म्हणाली.

हस्तलय-ओळख ही वृंदाचीच कल्पना. लहान कारागिरांकडे ना भाडेपावती असे, ना दुकानाचा परवाना. बँक त्यांना दारातूनच परत पाठवायची. वृंदाने दाखवून दिलं, की वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या हाताच्या स्नायूंना स्वतःची लय येते आणि ती अचूक मोजता येते. मनगटाला पट्टा बांधायचा, दहा मिनिटं आपलं काम करायचं, की खातं उघडलं. कागद नको. दलाल घुसू नयेत म्हणून तिने एक नियम हट्टाने करवून घेतला होता: खातं बंद करण्याचा अधिकार माणसाला, उघडण्याचा फक्त यंत्राला.

"आधी जाऊन भेटू या की," अस्लम म्हणाला.

"आणि तोवर बँकेला कळलं तर? एका खोट्या खात्यापायी सगळ्यांकडे पुन्हा कागद मागतील."

कलावतीचं खातं नंतर उघडलेलं होतं. वृंदाने ते बंद केलं.

तिसऱ्या दिवशी कलावती स्वतःच आली. बांबूच्या कांबींनी बोटं चिरलेली, चाळिशीची बाई.

"मॅडम, इस्पितळाच्या तीनशे टोपल्या विणून पडल्यात. ते म्हणतात, खातं नाही तर माल नको. मी काय गुन्हा केला?"

"पारूबाई सूर्यवंशी कोण?"

"माझी थोरली बहीण. माय गेल्यावर तिनंच माझा हात हातात धरून विणायला शिकवलं."

वृंदाने ते नीट ऐकलं. पकडलं गेलेलं माणूस नात्यागोत्याचं काहीतरी सांगतंच, असं तिच्या मनात आलं. तिने अर्ज लिहून द्यायला सांगितलं. त्या अर्जाचं पुढे काय झालं, हे तिने कधी विचारलं नाही.

दीड वर्षाने अस्लमने सत्तेचाळीस जोड्यांची यादी तिच्यापुढे ठेवली. बाप आणि मुलगी, उस्ताद आणि शागीर्द, सासू आणि सून. सगळ्यांचे आलेख तंतोतंत सारखे. लय शिकवणाऱ्याच्या हातातून शिकणाऱ्याच्या हातात जात होती. दोघी बहिणींना एका खोलीत बसवलं असतं, तर एका दुपारीच उलगडा झाला असता. वृंदाला रात्रभर झोप लागली नाही.

कलावतीचं दुकान उठलं होतं. ती बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या कारखान्यात लागली होती. पाळी सुरू व्हायच्या आधी वृंदा आणि अस्लम तिला फाटकाजवळच्या झाडाखाली भेटले.

"चूक माझी होती," वृंदा म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलं होतं. बहिणीने शिकवलं, म्हणून तिचीच लय तुमच्या हातात आली. मला माफ करा. दहा मिनिटं विणा, खातं आत्ता उघडतं."

कलावतीने मनगटाला पट्टा बांधून वृंदाने आणलेल्या कांबी हातात घेतल्या. तिचा चेहरा उजळला. टोपलीचं बूड सुरेख उतरलं.

यंत्राने नकार दिला.

वृंदाने पट्टा बदलला. दुसऱ्यांदा नकार, तिसऱ्यांदाही. तिने आलेख उघडला. विणीच्या दर फेऱ्यात एक बारीक झटका होता, झाकण दाबल्यासारखा. तो हात आता ना बुरडाचा होता, ना पुरता कारखान्याचा.

"यंत्र बिघडलंय काय?" कलावतीने विचारलं.

"नाही," वृंदा कशीबशी म्हणाली. "यंत्र बरोबर आहे. हाताची लय मोडलीय. दोन-एक वर्षं रोज विणलंत तर परत येईल."

"खात्याबिगर माल कुणी घेत नाही. दोन वर्षं विणू कुणासाठी?"

वृंदाने अस्लमकडे पाहिलं. खातं उघडण्याचं बटण कुणाही माणसाकडे नव्हतं.

भोंगा झाला. कलावतीने पट्टा सोडून वृंदाच्या हातात दिला आणि फाटकाकडे निघाली. चार पावलांवर थांबून ती मागे वळली.

"मॅडम, पारूताईला यातलं काही सांगू नका. तिनं शिकवलं म्हणून असं झालं, असं घेऊन बसंल ती मनाला."