अकरा सेकंदांची रुक्मामावशी

मोबाइल खिशात घाला आधी, मग सांगतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो.

आपल्या कळमनुरीचा रिझवान तुम्ही पाहिलाय. लग्नाचं शूटिंग करून पोट भरणारा आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढणारा. ना परवाना, ना पोस्टर. कुणाच्या तरी शेडमध्ये पांढरी चादर बांधायची, गाव जमवायचं आणि रात्रीतून गुंडाळून निघायचं. डोकं फिरलेलं, पण माणूस सच्चा.

तर दोन हजार चोवीस, एकवीस डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी तो माईक पिशवीत घालून मोटारसायकलवर पुसेगावला निघाला. काम साधंच होतं. त्याच्या सिनेमात तिथल्या रुक्मामावशीने आईचं काम केलं होतं. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याचा माईक बिघडलेला, म्हणून तो तिला म्हणाला होता, "मावशी, नुसतं एक-दोन-तीन म्हणा, आवाज मागून भरू."

"भर. पण माझाच भर. दुसऱ्या बाईचा आवाज माझ्या तोंडात घालशील तर बघ."

त्याने शब्द दिला. मग लग्नसराई आली, पावसाळा आला, आज जाऊ उद्या जाऊ करता करता दिवाळी गेली, आणि मावशीही गेली. ते त्याला फार लागलं होतं. पण रविवारी पुसेगावातच खेळ ठरलेला. आता तिच्या लेकीचा, करुणाचा आवाज घ्यायचा, एवढाच मार्ग उरला.

मावशीच्या घरी रात्रीचे साडेदहा वाजले. आवाज घुमू नये म्हणून दोघांनी भिंतींना गोधड्या टांगल्या. लॅपटॉपवर मावशीचा अकरा सेकंदांचा तुकडा लागला. करुणा माईकसमोर बोलली, "जा लेकरा, मागं पाहू नको."

रिझवानने हेडफोन लावून ऐकलं. बाहेरच्या कुत्र्याचं भुंकणं आलं होतं. करुणाची बांगडी वाजलेली आली होती. तिचा आवाज नव्हता.

"परत एकदा, ताई."

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"वायर ढिली असंल," करुणा म्हणाली.

"मग कुत्रं बराबर कसं आलं?"

ती पडद्याकडे पाहत राहिली. लेकच ती. आईचं तोंड तिला पाठ.

"रिझवानभाऊ... आई एक-दोन-तीन न्हाई म्हणून राहिली."

"मग?"

करुणाने पडद्यावर आईच्या ओठांना बोट लावलं.

"काय म्हणून राहिली, ताई?"

"म्हणते... करुणा, तू नको बोलू."

त्याने लॅपटॉप मिटला. कुत्रं गप्प झालं. हेडफोन अजून कानावरच होता. त्यात कोणीतरी श्वास घेत होतं... सावकाश... बोलायच्या आधी घेतात तसा.

"चुकलं मावशी," तो म्हणाला. रडलाच. "न्हाई भरत. कुणाचाच न्हाई भरत."

श्वास थांबला.

रविवारी त्याने गावासमोर हात जोडून सांगितलं, मावशीचा आवाज माझ्या आळसापायी गेला, तो तुकडा मुकाच राहील. खेळ सुरू झाला. तुकडा आला. करुणाने त्याचा हात घट्ट धरला.

मावशी दारात उभी. तीच साडी, तोच उजेड. अकरा सेकंद... तोंड उघडलंच नाही. पदराचं टोक दातात आवळून धरलेलं.

घरी येऊन त्याने मूळ शूटिंग काढलं. मित्रांना चार महिन्यांपूर्वी वाटलेले कच्च्या सिनेमाचे पेनड्राइव्ह परत मागवले. मी त्याच्या शेजारी बसून एकेक पाहिला, पोरांनो. सगळ्यांत तेच...

पदर दातात.