बागेतली बदकं

मुलुंड पूर्वेच्या वाचनालयाच्या दारातून मृणालिनी आल्या पावली परत फिरली आणि समोरून येणाऱ्या एका उंच मुलावर आपटली.

"वर्ग आत आहे," तो म्हणाला.

"हो, पण मी... माझी छत्री विसरले."

त्याने तिच्या हातातल्या छत्रीकडे पाहिलं. "बरं झालं, लगेच सापडली."

तिला हसू फुटलं, आणि मग पळून जाणं काही जमेना.

वर्ग मनाच्या आरोग्याचा होता. चेतना मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "इथे कुणी आजारी नाही. नालेसफाई पावसाळ्याआधी करतात ना? उदासी घर करून बसण्याआधी आपणही तेच करायचं." रोज घराबाहेर पडून बरं वाटेल असं काहीतरी छोटंसं करायचं. काळा विचार आला की त्यालाच विचारायचं, पुरावा काय? आणि संध्याकाळी वर्गात ठरवून दिलेल्या जोडीदाराला फोनवर सगळं सांगायचं. मृणालिनीच्या वाट्याला तोच उंच मुलगा आला. केयूर.

आई गेल्यापासून मृणालिनी एकटीच राहायची. काम लॅपटॉपवर, भाजी दारात. सुट्टीच्या दिवशी तर स्वतःचा आवाजही कानावर पडत नसे. वर्गाला ती कशीबशी यायची, तेवढंच. पण केयूरचा फोन वाजला की आधी आरशासमोर केस सारखे करायची, जणू तो बघणारच होता! वेडेपणा नुसता.

"आज काय केलंस?"

"बागेत गेले. तळ्याकाठी बसले. बदकं होती..."

"किती?"

"मोजायला नव्हते गेले!"

"म्हणजे लक्ष दुसरीकडेच. कुणाचा विचार चालला होता?"

"तुझा नव्हता, जा."

बागेत जाणं ही थाप होती. ती रोज दाराच्या कडीपर्यंत जायची, छातीत धडधडायला लागायचं आणि ती माघारी वळायची. पण त्याला कसं सांगणार? तो किती खूश व्हायचा! थापा वाढत गेल्या, आणि त्याच्या हसण्यावर तिचा जीव जडत गेला.

शेवटचा वर्ग आला. आजपासून जोड्या मोडणार, फोन थांबणार. आणि तो ज्या मुलीशी इतके दिवस बोलला, ती मुलगी तर कुठे नव्हतीच.

तिने त्याला जिन्यात गाठलं. "केयूर, मी बागेत गेलेच नाही. एकदाही नाही."

"माहितीये."

"काय?"

"दुसऱ्याच दिवशी गेलो होतो मी. म्हटलं, सहज भेटल्यासारखं दाखवू... तर गेटला कुलूप, यार! दुरुस्ती चाललीये. तळ्यात पाणी नाही, बदकं कुठली?"

वाट लागली! तिचे कान तापले. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू गप्प झाली असतीस." तो कठड्याकडे बघत राहिला. "आणि घरी माझ्याशी दुसरं कोण बोलतं गं?"

आपलं एकटेपण लपवण्यात ती इतकी गुंतली होती, की त्याचं तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

"उद्या फोन करू?" त्याने हळूच विचारलं.

"वर्ग संपला ना."

"म्हणून तर विचारतोय."

त्याला कीव येतेय तुझी, तिच्या मनाने लगेच बजावलं. पुरावा काय? तिने मनाला विचारलं. पुरावा तर उलटाच होता, थापा ठाऊक असूनही तो रोज फोन करत होता.

"फोन नको," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "फोनवर मी पुन्हा थापा मारीन. तू माझ्या खिडकीखालून हाक मार. मोठ्याने."

दुसऱ्या संध्याकाळी त्याने खरंच हाक मारली, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी. समोरच्या खिडकीतून नीलाकाकू डोकावल्या. मृणालिनीचा हात कडीवर थिजला. छातीत तीच धडधड. आई गेल्यापासून तिचं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलंच नव्हतं.

"मृणाल! येतेस ना?"

तिचे डोळे भरून आले.

"आले रे! थांब, जाऊ नकोस!" ती ओरडली, आणि दार उघडून धडाधड जिना उतरू लागली.