फिरता कारखाना आणि भर दुपारचं भूत

"पाना! बारा नंबरचा पाना दे, जमने! लवकर!"

जीपखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते आणि ते खेमसिंगमामाचे होते. जमनीनं पेटीतून पाना काढून पायांजवळ सरकवला.

"अवं, हा तेरा नंबरचा हाय!" जीपखालून आवाज आला.

"मामा, त्याच्यावर बारा लिवलं आहे!"

"लिवलं असन! झिजून झिजून तेराचा झाला तो!"

कोकिळा आणि धर्मपाल खो-खो हसत सुटले. मामाची सगळी हत्यारं अशीच होती. निम्मी भंगारातली आणि निम्मी घरी ठोकून केलेली!

खेमसिंगमामा अकरा वर्षं लष्कराच्या मोटारखान्यात होता. परत आला तेव्हा दुकान टाकायला भांडवल नव्हतं. होता तो बापाचा गाडा आणि पाखऱ्या-लाख्या ही बैलजोडी. मामानं डोकं लढवलं. मुकुटबनपलीकडच्या जंगलात लाकूड आणि तेंदूपत्ता वाहणाऱ्या जुन्या जीपगाड्या बंद पडतात त्या कुठं? खडकात नाहीतर नाल्यात! तिथून गाडी दुकानात कशी येणार? त्यापेक्षा दुकानच तिच्याकडे गेलेलं बरं! मग दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत पाने बसले, विहिरीवरची जुनी कप्पी इंजिन उचलायच्या कामी आली आणि गाड्याच्या ताडपत्रीवर कोळशानं अक्षरं उमटली, 'फिरता कारखाना'.

"आपले आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले," मामा आपल्या बंजारा तांड्यात सांगायचा. "मी पाने लादून फिरून राह्यलो. धंदा तोच, माल बदलला!"

एकोणीसशे एकोणसाठच्या मे महिन्यात हा कारखाना सातमोरीच्या घाटाच्या पायथ्याशी, वनखात्याच्या तळावर उभा होता. शाळेला सुट्टी लागल्यामुळे मामाची भाची जमनी तिथंच मुक्कामाला होती. तिची वर्गमैत्रीण कोकिळा जवळच्या शेतावरून भाकरी बांधून यायची. आणि त्यांच्याच वर्गातला धर्मपाल? त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची खोड होती, त्यामुळे गुरुजींनाही सुट्टी हवी असायची.

इतक्यात घाटावरून एक माणूस धावत येताना दिसला. फुलचंद ड्रायव्हर! अंगातला सदरा घामानं चिंब, डोळे पांढरे.

"बंद पडली! सातव्या मोरीवर! आजबी बरोब्बर बारा वाजता! मोरीवरची बाईच हाय ते!"

तळावरची माणसं भराभर गोळा झाली. कोणी पुढं यायला तयार होईना. आठवड्यातली ही पाचवी गाडी! घाटात नाल्यांवर सात मोऱ्या, म्हणजे छोटे दगडी पूल, होते. पहिल्या सहा पार व्हायच्या आणि सातवीवर इंजिन मान टाकायचं. मोरीखालून बाई सुस्कारते म्हणे. स्स्स्... असा आवाज फुलचंदनं आपल्या कानांनी ऐकला होता.

मामा पाने घेऊन चढ चढला. तो पोचेपर्यंत तासभर गेला होता. त्यानं समोरून हँडल मारलं आणि गाडी फुर्रकन् सुरू झाली!

झालं! इथंच सगळं बिघडलं.

"खेमसिंगनं हात लावला का गाडी सुरू!" फुलचंद सगळ्यांदेखत ओरडला. "मंग बंद कोण पाडते? याचा गाडा आला अन् बाई जागी झाली. यानंच काही करणी केली असन, धंदा चालाले!"

रेंजरसाहेब भुताखेताला मानत नव्हते. पण भीतीनं एकही ड्रायव्हर घाट चढायला तयार नव्हता आणि पावसाच्या आत सगळं लाकूड निघायला हवं होतं.

"खेमसिंग," ते म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत तुझा गाडा जंगलाबाहेर गेला पाहिजे."

संध्याकाळी मामा बैलांना कडबा टाकत होता. जमनी त्याच्याजवळ जाऊन बसली.

"मामा, तुमी काहून बोलले नाई?"

"काय बोलू, बेटा? गाडी काहून बंद पडते, ते मले तरी कुठं समजलं? मी जातो तवा ते चांगलीच रायते." मामानं लाख्याच्या मानेवरून हात फिरवला. "इथून हाकललं ना, तं उद्या कोण्या जंगलात मले उभं करणार नाई. हे बैल इका अन् हमाली करा, बस."

बैल विकायचे? पाखऱ्या-लाख्या? जमनी रात्रभर त्याच विचारात तळमळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोघांना बाजूला घेतलं. "आपण सातव्या मोरीवर जाऊ. बारा वाजता. लपून पाहू."

"येडी झाली काय व तू?" कोकिळेच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "बाईनं धरलं म्हणजे?"

"एक सांगू?" धर्मपाल म्हणाला. "दवाखान्याच्या नर्सबाईची जीप या आठवड्यात दोनदा घाट चढली. भर दुपारी! ते कायले नाई बंद पडली? भूत काय माणूस पाहून धरते?"

"औषधाच्या वासानं पळत असन," कोकिळा म्हणाली. तिला हसू आलं, पण ओठ मात्र कोरडे पडले होते.

तिघं पाऊलवाटेनं निघाले. पहिल्या मोरीजवळ देवाचा शेंदूर लावलेला दगड होता आणि शेजारी मोठा कडूनिंब. त्याच्या खालच्या सगळ्या फांद्या कोणीतरी ओरबाडून नेल्या होत्या. जमनीला ते विचित्र वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. ऊन चढत चाललं होतं.

सातवी मोरी! वर उभा चढ, एका अंगाला खोल दरी आणि कठड्याचे दगड कधीच ढासळून पडलेले. मोरीखालचा नाला ठणठणीत कोरडा होता. तिघं वाकून आत शिरले. समोर सुकलेल्या फांद्यांचा आणि चिरलेल्या लिंबांचा ढीग पडला होता. लिंबं पाहताच कोकिळेनं जमनीचा दंड गच्च धरला.

दुपार झाली. पाखरं गप्प झाली. पानसुद्धा हलेना. आपल्याच छातीची धडधड आपल्याला ऐकू यावी, अशी ती भयाण शांतता!

"मले घरी जायचं आहे," कोकिळा पुटपुटली.

"मलेबी," धर्मपाल म्हणाला. पण एकटं परतायची हिंमत कोणाचीच नव्हती.

तेवढ्यात दुरून घरघर ऐकू आली. एक जीप घाट चढत होती. आवाज जवळ आला आणि जड होत गेला. दम लागल्यासारखे दोन आचके. मग थेट त्यांच्या डोक्यावर इंजिन बंद पडलं!

आणि तो आवाज आला.

स्स्स्स्...

जमनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. वर धावपळ झाली. "ने बाई, तुयं तुले ने!" असा फुलचंदचा रडका आवाज आला आणि मोरीच्या तोंडाशी काहीतरी धपकन् पडलं. कोकिळा किंचाळणार, तोच धर्मपालनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मग चपलांची फटफट झाली. फुलचंद घाट उतरून पळत सुटला होता.

आता वर कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं, आणि तरीही कोणीतरी कण्हत होतं!

"आँ... आई वं..."

खोल, घोगरा, दुखरा आवाज. तिघांचं रक्तच गोठलं. कोकिळा डोळे मिटून घडाघडा देवाचं नाव घेऊ लागली. जमनीला पळायचं होतं, पण पाय उचलेनात.

तेवढ्यात आणखी एक आवाज झाला. कर्रर्र... बारीक खडी चिरडल्याचा.

हा आवाज मात्र जमनीच्या ओळखीचा होता. चढावर गाडा मागं सरकू लागला, की चाकाखाली असाच आवाज येतो! गाडा चढावर असला की तांड्यातलं एक माणूस कायम धोंडा घेऊन मागं चालतं आणि गाडा थबकला रे थबकला, की धोंडा चाकामागं सारतं. जमनीनं हे काम सहाव्या वर्षापासून केलं होतं.

"गाडी सरकून राह्यली!" ती ओरडली आणि भीती मोरीतच टाकून बाहेर झेपावली.

जीप खरंच मागं येत होती, तीही दरीच्या अंगाला! जमनीनं कठड्याचा ढासळलेला एक दगड छातीशी धरून उचलला आणि मागच्या चाकामागं ढकलला. चाक त्याच्यावर चढलं. दगड निसटून दरीत गेला. खाली आपटल्याचा आवाज कितीतरी वेळानं आला.

"धरम्या! मोठा आण! दुसऱ्या चाकालेबी लाव!"

धर्मपाल आणि कोकिळेनं मिळून एक मोठी धोंड लोटत आणली. जमनीनं दुसरी सारली. चाक दगडावर आपटलं, चढू पाहू लागलं आणि थांबलं. दरी तिथून फक्त दोन हातांवर होती.

"कोण हाय तिकडं?" जीपमधून कण्हता आवाज आला.

तिघांनी भीत भीत आत डोकावलं. मागं फळीवर उकंडाकाका पडले होते! लाकूडतोड्यांतले सगळ्यात जुने. सकाळी त्यांच्या पायावर ओंडका पडला होता. घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायला रेंजरसाहेबांनी आपली जीप देऊन फुलचंदला दटावून पाठवलं होतं, आणि तो त्यांना असंच टाकून पळाला होता! हाताचा ब्रेक धड ओढलेला नव्हता.

"कण्हत तुमी होते व्हय!" कोकिळेला रडू आणि हसू एकदमच आलं. "आमी तं मेलोच होतो, काका!"

जमनी मात्र जीपच्या समोर उभी राहून पाहत होती. पुढच्या जाळीत कडूनिंबाच्या डहाळ्या अजून अडकलेल्या होत्या. तिनं मोरीच्या तोंडाशी टाकलेला जुडगा उचलला आणि चटकन् खाली टाकला. पानं गरम होती! एका बाजूनं हिरवी आणि दुसऱ्या बाजूनं अगदी शिजलेली.

"काका, हा निंब कोणं कोंबला?"

"सगळेच कोंबते, पोरी. पह्यल्या मोरीवर. बाई लागू नये म्हणून जाळी ठेचून भरते. गाडी बंद पडली का उपटते अन् मोरीवर उतारा टाकते."

"म्हणून मामाले कधी दिसला नाई!" जमनीनं कपाळावर हात मारला. "अन् नर्सबाई निंब लावत नाई! धरम्या, पाखऱ्याच्या तोंडाले मुसकं बांधते ना, वावरात पीक खाऊ नये म्हणून? ते जास्त आवळलं तं काय होते?"

"दम कोंडते."

"यायनं गाडीले मुसकं बांधलं! इंजिन या जाळीतून वारा खाते, मामानं सांगलं होतं मले. वारा नाई भेटला का रेडिएटर उकळते. ते स्स्स् त्याचंच हाय! अन् पेट्रोल इंजिनाच्या पंपातच उकळून जाते. नुसत्या वाफेवर गाडी कशी चालन?"

तिघांनी जाळीतला पाला ओरबाडून काढला. जमनीनं बॉनेट उघडलं.

"टोपणाले हात लावू नोको, धरम्या! हात भाजन!"

मामाचा तो पहिला नियम होता. पेट्रोलच्या पंपावर ओला फडका टाकायला हवा होता, पण पाणी? नाला कोरडा. उकंडाकाकांच्या उशाशी वाळल्या भोपळ्याचा तुंबा होता, त्यात जेमतेम तांब्याभर पाणी. त्यांचे ओठ तर वाळून गेले होते. जमनीचा हात अडखळला.

"घे वं," उकंडाकाका म्हणाले. "मी मंग पिईन. आधी तिले पाज."

जमनीनं आपल्या ओढणीचा पदर भिजवून पंपाभोवती गुंडाळला. चर्र झालं. कोकिळेनं राहिलेल्या पाण्यातला एक घोट काकांना जबरदस्तीनं पाजलाच.

तासाभरानं खालून मंडळी धापा टाकत आली. पुढं मामा, मागं रेंजरसाहेब आणि सगळ्यांच्या मागं फुलचंद.

"हात लावू नोका! बाई हाय आत!" फुलचंद ओरडला.

"बाई नाई, निंब हाय!" धर्मपाल त्याच्यावर ओरडला आणि त्यानं शिजलेला जुडगा साहेबांच्या समोर धरला.

जमनीनं सगळं सांगितलं. साहेबांनी चाकामागचे दगड पाहिले, दरी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मामानं पानं हातात चुरगाळली. तो समोर गेला. त्यानं हँडल मारलं. एकदा. काहीच नाही! सगळे श्वास रोखून उभे. दुसऱ्यांदा मारलं आणि इंजिन धडधडू लागलं!

"साहेब, बसा," मामा म्हणाला. "उकंडाभाऊले मी पोचवतो. भर दुपारी अन् निंबाशिवाय!"

जीप गेली. वळणावर दिसेनाशी झाली, तरी आवाज येत होता. तो थांबला नाही. घाटमाथा ओलांडून पलीकडे उतरत गेला.

फुलचंद दगडावर मटकन बसला. "पोरांनो, पह्यल्या दिवशी मी रेडिएटरात पाणीच भरलं नव्हतं," तो खाली मान घालून म्हणाला. "साहेब रागवन म्हणून बाईचं नाव सांगलं. मंग सगळे भेले, निंब लावू लागले अन् गाड्या खरंच बंद पडाले लागल्या. आईच्यान सांगतो, मलेबी ते खरंच वाटाले लागलं!"

"अन् आमच्या मामाचं काय?" जमनीनं विचारलं. फुलचंदनं तिच्यासमोर हात जोडले.

चौथ्या दिवशी साहेब तळावर आले. उकंडाकाकांचा पाय वाचला होता. आणखी दोन तास गेले असते तर कापावाच लागला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. साहेबांनी सगळ्यांदेखत खेमसिंगमामाची माफी मागितली. फिरत्या कारखान्यानं या जंगलात कुठंही उभं राहावं, अशी सही-शिक्क्याची चिठ्ठी दिली आणि तिघांच्या पाठी थोपटल्या.

"मोठी माणसं भिऊन पळाली," ते म्हणाले. "तुम्ही भिऊन थांबलात. शाबास!"

सगळ्यात पुढं उभा राहून टाळ्या कोण वाजवत होता? फुलचंद! आता रोज सकाळी रेडिएटरात पाणी भरून तो मामाला दाखवून जायचा.

दुपारी आणखी एक जीप ढकलत आणली गेली. मामा तिच्याखाली शिरला. जमनी पेटी उघडून बसली.

"कोणता पाना देऊ, मामा?"

मग जीपखालून मामाचं डोकं बाहेर आलं. तोंडभर काळं आणि हसू.

"पाना मंग. आधी तू खाली ये अन् पाहून सांग, हिले झालं काय?"