मोठ्या कॅमेऱ्यातले दाणे

लाइट गेली की झालं, माझ्याभोवती कोंडाळं करून बसायचं. मोबाइलात हजार भुतं पडलीत, ती बघा की. नाही, यांना म्हाताऱ्याचाच घसा कोरडा करायचाय. सांगतो. पण मध्ये कुणी खिदळलं, तर उठून झोपायला जाईन.

मागच्या गल्लीत एक फोटोवाला राहायचा. लग्नाचे फोटो काढायचा. गरीब गाय. मला दादा म्हणायचा. त्याची सात वर्षांची पोरगी ऑक्टोबरात कालव्याच्या रस्त्यावर खेळायला गेली, ती आलीच नाही. पाणबुड्यांनी कालवा ढवळून काढला. चप्पलसुद्धा हाती लागली नाही.

डिसेंबरातली अमावस्या, शनिवारची रात्र. त्याचा फोन आला. "दादा, टकलूचा मोठा कॅमेरा एका रात्रीपुरता आणून द्या. मी मागितला तर देणार नाही तो."

टकलू म्हणजे माझा मेहुणा, तुमच्या आजीचा भाऊ. स्टुडिओ आहे त्याचा. मी गेलो, तर म्हणतो कसा, "दाजी, तुम्हाला टीव्हीचा रिमोट कळत नाही, कॅमेरा कशाला?" तुझ्या बहिणीला सांगतो म्हटल्यावर मुकाट दिला.

कॅमेरा काखोटीला मारून फोटोवाल्याच्या माडीवर चढलो. खिडकीत त्याचा छोटा कॅमेरा स्टँडवर उभा, तोंड कालव्याकडे. ह्याचे डोळे खोल गेलेले.

"अंधारात फोटो काढला की दाणे येतात, दादा. रेती उधळल्यासारखे. परवा त्या दाण्यांत मला ती दिसली. कालव्याच्या कठड्यापाशी."

"दाखव की."

तर तो रडायलाच लागला. लग्नाच्या फोटोतले दाणे साफ करायची वीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला. दाणे पुसले, फोटो सेव्ह केला. रस्ता लख्ख झाला आणि पोरगी गेली.

"माझ्या हातानं पुसली मी तिला."

मी म्हटलं, मग मोठा कॅमेरा काय करणार?

"पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? उजेडाचं तसंच. माझा क्रॉप सेन्सर, वाटी. टकलूचा फुल फ्रेम, परात. अंधारातसुद्धा उजेड जास्त गोळा करतो, म्हणून दाणे कमी. परवा दिसले ते नुसते दाणे असले, तर ह्यात नाहीसे होतील. ती असली, तर राहील."

दोन्ही कॅमेरे शेजारी लावले. छोटा आपोआप फोटो काढत राहील असा. मोठ्याचं बटण त्यानं दाबलं.

फोटो कसला, आरसा. कठड्याच्या विटा मोजून घ्याव्यात. आणि कठड्यापाशी एक ठिगळ. दाण्यांचं. बाकी अख्ख्या फोटोत दाणा नाही. ठिगळाची उंची… सात वर्षांच्या पोरीएवढी.

मी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा.

दुसरा फोटो. ठिगळ तिथंच, आतले दाणे वेगळे. तिसरा. परत वेगळे.

"हलतायत रे," मी म्हणालो.

"कुडकुडतेय ती."

खुंटीवरचा तिचा स्वेटर त्यानं ओढला. मी दार अडवलं. "भानावर ये. ती तुझी पोर नाही."

"मग कोण आहे, ते सांगा."

त्यानं माझे पाय धरले. "दादा, खाली गेल्यावर मला ती दिसणार नाही. तुम्ही बटण दाबा, स्क्रीनवर बघा आणि मी कुठं जाऊ तेवढं सांगा."

तो खाली गेला. मी दाबत राहिलो.

"डावीकडे… आणखी थोडं… थांब. समोरच आहे तुझ्या."

तो गुडघ्यांवर बसला. स्वेटर पुढे धरला.

बटण दाबलं. त्याची बोटं… दाणे.

"हात मागे घे!"

पुढचा फोटो. कोपरापर्यंत दाणे.

"अरे, ये परत!"

त्यानं मान वर केली. हसत होता. पोर गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढचा फोटो. दोन ठिगळं. एक मोठं. एक लहान.

खिडकीतून पाहिलं…

कुणी नाही. पाण्याचा आवाज नाही. पावलांचा नाही.

परत दाबलं. लख्ख रस्ता. दाणा नाही.

सकाळी टकलू कॅमेरा न्यायला आला. मी त्याला फोटो दाखवले, तर म्हणे कॅमेरा बिघडवलात. आणि मग सगळ्या गल्लीसमोर, "दाजी, शेवटी त्याच्याजवळ तुम्हीच होतात. ढकललंत की काय?" त्या एका वाक्यापायी पोलिसांनी मला दिवसभर बाकावर बसवलं. कालवा पुन्हा ढवळला. काही नाही.

छोट्या कॅमेऱ्यातले फोटो बघायचे राहिले होते. ते टकलूनंच स्टुडिओत लावले. पोलीस होता, मी होतो. एकूण एक फोटो दाण्यांनी भरलेला, त्या कॅमेऱ्याचे असायचेच. फक्त शेवटचा… आभाळ रेती, रस्ता रेती, कठडा रेती. आणि त्या रेतीत दोनच आकार लख्ख. बाप खिडकीकडे बघतोय. पोरीच्या अंगात स्वेटर. बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

पोलीस टोपी घालून गेला. टकलूनं कॉम्प्युटर बंद केला, माझ्याकडे न बघता शटर ओढलं. आज नऊ वर्षं मी समोरून आलो की तो रस्ता बदलतो. "दाजी, चुकलो," एवढं म्हणायला काय जीभ झडते? पण नाही म्हणाला. अजून नाही.

टकलू.