चित्र आणि अक्षर : शिवगंगा

"पत्रिका छापायची हाय."

"लग्नाची?"

"न्हाय... नाटकाची."

उत्तर दिल्यावर शांतलिंगच्या लक्षात आलं, की विचारणारा आवाज मुलीचा आहे. धाराशिवच्या शिळाछापखान्यात गादीवर मालक महांतप्पा भेटतील, असं त्याला परंड्याहून निघताना सांगितलं होतं. गादी रिकामी होती. आतल्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, एक मुलगी मांडीवर फळी घेऊन बसली होती. तिच्या हातात बारीक कुंचला होता. फळीवरच्या पिवळट कागदावर अक्षरं ओली होती आणि इतकी देखणी, की तो बोलायचंच विसरला.

"म्हणजे... हे तुम्ही लिहिता?"

तिनं घाईघाईनं पदर सारखा केला. "बघितलं म्हणून कुणाला सांगू नका. गावाला वाटतं, अप्पाच लिवतात. त्यांची लिवण्यावाचण्यापुरती नजर गेली, त्याला दोन वर्षं झाली."

"न्हाय सांगत," तो म्हणाला. आणि उगीचच हसला.

त्रेचाळीस साल होतं. परंड्याच्या मदरशातले, म्हणजे सरकारी शाळेतले, मास्तर मिळून दिवाळीच्या पाडव्याला नाटक करणार होते. निजामाच्या राज्यात नाटकाला कचेरीची मंजुरी लागे. मंजुरी कशीबशी मिळाली होती. बार्शीत छापखाने जवळ होते, पण बार्शी इंग्रजांच्या मुलखात. तिथून छापून आणलेला कागद नाक्यावर अडे. म्हणून सगळ्यांत धाकट्या मास्तराला, शांतलिंगला, धाराशिवला पाठवलं होतं.

तेवढ्यात काठी टेकत महांतप्पा आले, गादीवर बसले, काम ऐकून म्हणाले, "व्हईल." आतून त्यांच्या लेकीनं, शिवगंगेनं, विचारलं, "वरती चित्र काय काढायचं?"

"राजकन्या मल्लावतीचं."

"ती कुणी बघितलीय? तिचं काम कोण करतंय?"

तो घुटमळला. "...मीच."

आतून हसू फुटलं; दाबून धरलेलं, तरी निसटलेलं. "ह्या मिशीसकट?"

"मिशी काढणार हाय पाडव्याला."

"मग बसा तिथं. उजेडाकडं तोंड करून." अप्पांनी मान डोलावली, "काढ, शिवगंगे." गिऱ्हाइकाचं काम होतं.

शिवगंगेनं कुंचला उचलला आणि परक्या पुरुषाकडं आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. पाहावंच लागणार होतं. कपाळावरची विभूती, रुंद भुवया, हनुवटीवरचा लहानसा खळगा...

"हलू नका."

"हललो न्हाय. श्वास घेतला."

"तो पण बेतानं घ्या."

"डोळे मिटू का?"

"मिटलेत तर मी काढू काय?" ती म्हणाली, आणि मग बराच वेळ तिला मान वर करवेना.

तो गेला. नमुना बघायला पुढच्या मंगळवारी येतो म्हणाला. परंड्याहून यायचं तर बार्शीवरून येणारी मोटारच होती; ती आठवड्यातून एकदा, मंगळवारीच, दुपारी तीनच्या सुमारास यायची. तोवर त्या मोटारीचा भोंगा शिवगंगेनं कधी ऐकलाच नव्हता जणू. आता रोज दोन वाजल्यापासून, मोटारीचा वार नसला तरी, तिचे कान रस्त्याकडं लागत. मल्लावतीचे डोळे काढून झाले होते, तरी ती पुन्हा पुन्हा त्यांच्यावरून कुंचला फिरवी. काजळ दाट होत गेलं. त्या डोळ्यांत राजकन्येपेक्षा मास्तरच जास्त दिसतोय, हे तिला कळत होतं... आणि पुसवत नव्हतं.

मंगळवारी तो आला. नमुना हातात घेऊन बघतच राहिला.

"मी एवढा चांगला दिसतो?"

"मल्लावती दिसते."

"बरं." त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "इथं एक ओळ रिकामी हाय. लिहा... चित्र आणि अक्षर : शिवगंगा."

तिचा हात थांबला. "खुळे झालात काय? पोरीचं नाव छापतात व्हय कुठं?"

"नाटकात पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा नाव छापलंय. तुमचं का न्हाय?"

"दिवाळी झाली की आळंदची माणसं बघायला येणार हायत मला." ती खाली बघून म्हणाली. "त्यांनी असलं छापलेलं बघितलं, तर उलट्या पावली जातील."

शांतलिंगनं नमुना खाली ठेवला. बाहेर अप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तेवढाच आवाज.

"मग तर..." तो हळूच म्हणाला, "छापायलाच पाहिजे."

आणि स्वतःच्याच बोलण्यानं लालेलाल होऊन त्यानं टोपी उचलली. "मोटार चुकंल माझी." मोटार सुटायला अजून तासभर होता.

असं बोलून कुणी जातं का? चार दिवस तिनं ती ओळ मनात लिहिली आणि पुसली. नाव छापलं, तर अप्पांच्या नावाला बट्टा. न छापलं, तर आळंद... आणि मग सगळा जन्म दुसऱ्याच्या चुलीपुढं. कुंचला हातात राहील की नाही, देव जाणे. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून, विभूती लावून ती बसली आणि ती ओळ लिहिली. कागदावरची अक्षरं छपाईच्या दगडावर उतरली. अडीचशे प्रती निघाल्या. मंगळवारी गठ्ठा बांधून मोटारीवाल्याकडं दिला.

परंड्याहून काहीच कळलं नाही. पाडवा होऊन गेला. मंगळवारी भोंगा वाजला, तो आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. मल्लावतीला टाळ्या पडल्या असतील, मास्तर आपल्या गावात रमले असतील... तिनं स्वतःला समजावलं. समजूत काही पटेना.

आळंदची माणसं मात्र ठरल्या दिवशी आली. त्यांतले वडीलधारे वीरप्पा तुरीच्या सौद्याला बार्शीला जाऊन आले होते. बसल्याबरोबर त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"मोटार-अड्ड्यावर मिळाला. खाली नाव हाय. ही शिवगंगा तुमचीच का?"

दाराआड उभ्या शिवगंगेनं चौकट घट्ट धरली.

महांतप्पांनी हात पुढं केला, कागद चाचपला. "मला दिसत न्हाय. वाचून दाखवा."

वीरप्पांनी वाचलं.

"अक्षर कसं हाय?"

"अक्षराचं काय घेऊन बसलात! पोरीच्या जातीचं नाव..."

"चांगलं हाय का, तेवढं सांगा."

"...हाय चांगलं."

"मग माझीच."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. ते गेल्यावर अप्पांनी तिला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "दोन वर्षं तुझं लिवणं माझ्या नावावर खपवलं, पोरी. लई झालं." शिवगंगा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आळंदसाठी नव्हे, हे बहुधा अप्पांनाही कळलं असावं.

पुढच्या मंगळवारी तो आला. वाळला होता.

"नाटक कसं झालं?" तिनं विचारलं. आवाज रुसलेला ठेवायचा होता, तो ठेवता आला नाही.

"झालंच न्हाय. आदल्या दिवशी मंजुरी रद्द. का, ते कुणी सांगितलं न्हाय. वर आम्हालाच रोज कचेरीत बसवून जबाब... गाव सोडायची मुभा न्हवती."

"मग पत्रिका?" तिनं विचारलं. "जाळल्या?"

"वाटल्या! नाटकाला मनाई होती, कागदाला न्हवती. परंड्यात घरोघर दिल्या. उरल्या त्या बार्शीला जाणाऱ्यांच्या हातांत. लोक म्हणाले, नाटकच न्हाय तर पत्रिका कशाला? म्हटलं, चित्र बघा. अक्षर बघा."

खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं फळीवरचा कागद फडफडत होता, तो धरायचंही तिला सुचलं नाही.

"एक आमच्या अव्वाला, आईला, दिली," तो म्हणाला. "तिला वाचता येत न्हाय. माझ्याकडून समदी वाचून घेतली. शेवटची ओळ दोनदा. मग विचारलं... ही शिवगंगा कोण?"

"मग... काय सांगितलंत?"

"म्हटलं, विचारून सांगतो."

बाहेर गादीवर अप्पा खाकरले आणि उगाचच मोठ्यानं रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारू लागले.

"अव्वांना म्हणावं," शिवगंगा अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "इथं येऊन अप्पांना विचारा."

"येतो घेऊन! येत्या मंगळवारी."

"मंगळवार..." ती म्हणाली, "मंगळवार लई लांब हाय."