आज माझी सेवा कुठे?

या रे बाळांनो, जवळ या! मागचे तुम्हीसुद्धा पुढे सरका. मोबाईल पालथे ठेवा, मांडी घाला आणि कान इकडे द्या. आज अशी गोष्ट ऐकवणार आहे, की मध्ये कुणाला खोकलासुद्धा सुचायचा नाही!

तर ठाकुर्लीतल्या एका सोसायटीचं आवार. मे संपून जून लागलेला, पण शाळा अजून उघडली नव्हती.

"आऊट! सरळसरळ आऊट!" ऋतुराज ओरडला.

"हट! कुंडीला लागलेला बॉल आऊट नसतो. अंपायर, बोल ना काहीतरी!" स्वानंदने बॅट घट्ट धरून ठेवली होती.

अंपायर म्हणजे त्याची मोठी बहीण संचिता. पण तिचं लक्ष खेळात नव्हतंच. ती फाटकाकडे बघत होती.

"अरे, मंदाकिनीआजींची रिक्षा कल्याणकडे का वळली?"

"वळली तर वळली! ताई, मी आऊट की नॉट आऊट?"

"आज त्यांचं कीर्तन मानपाड्याला आहे. म्हणजे रिक्षा डोंबिवलीकडे वळायला हवी ना!"

मंदाकिनीआजी म्हणजे शेजारच्या घरातल्या कीर्तनकार. अधिक महिना असल्यामुळे त्यांना रोज कुठे ना कुठे बोलावणं होतं. हातात झांज आली, की सत्तरीच्या आजी विशीतल्या मुलीसारख्या नाचत उभ्या राहत. त्यांचं कीर्तन संचिताने कधी चुकवलं नव्हतं. पण त्या दिवशी दोघा मुलांनी तिची चेष्टा केली आणि खेळ पुढे चालू झाला.

पाच वाजून गेले आणि एक बाईक धाडकन आवारात शिरली. पुढे आजींचा नातू आनंददादा. तो ठाण्याला राहायचा, कॉम्प्युटरचं काम करायचा. मागे मानपाड्याच्या मंडळाचे कुंडलिकराव.

"आजी वर आहे का गं?" आनंदने हेल्मेटही काढलं नाही. "तिकडे लोक येऊन बसलेत, पेटीवाले सूर धरून कंटाळले, आणि हिचा पत्ता नाही! फोनही बंद!"

फोन बंद असणारच. सेवेला घराबाहेर पडलं की फोन बंद, हा आजींचा नेमच होता.

"दादा, त्यांची रिक्षा कल्याणकडे गेली. मी पाहिलं," संचिता म्हणाली.

"काहीतरीच! हे बघ कॅलेंडर. आज, पाच वाजता, मानपाडा. मी स्वतः टाकलंय. तिच्या टॅबमधला सहायक सकाळी तिला हेच काढून सांगतो. मशीन चुकत नसतं."

"वय झालं की होतं असं," कुंडलिकराव घाम पुसत म्हणाले. "असतील रस्त्यात कुठेतरी अडकलेल्या. चल आनंद, मानपाडा रोड बघून येऊ. पोरांनो, तुम्ही खेळा!"

बाईक भुर्रकन गेली.

"खेळा म्हणे!" ऋतुराज चिडला. "यांना लहान मुलाचं ऐकायला काय होतं?"

संचिता मात्र पांढरीफटक पडली होती. "अरे, आजींना डायबेटिस आहे. दुपारची गोळी त्या घेतात, पण कीर्तन होईपर्यंत जेवत नाहीत."

"मग रोज कसं चालतं?"

"ज्यांच्याकडे कीर्तन असतं ते उभं राहण्याआधी त्यांना गूळ-पाणी देतात. पण आज त्या जिथे गेल्यात तिथे कुणी नसेलच तर? साखर एकदम उतरते रे! मागे एकदा माझ्यासमोर चक्कर आली होती त्यांना."

आता कुंडी, बॉल, आऊट, सगळं विसरलं. आजींच्या घराची किल्ली संचिताच्याच घरी असायची. तिघं धडाधड जिने चढले.

देवघरासमोर पाटावर आजींचा टॅब होता. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येईना, म्हणून आनंदने हा बोलका एआय सहायक बसवून दिला होता आणि ऑनलाइन कॅलेंडरला जोडला होता. आजी विचारायच्या आणि तो कॅलेंडरमधून कार्यक्रम काढून सांगायचा. आंघोळ झाली की त्या त्याच्यापुढेही हात जोडायच्या! तो बिचारा काय समजणार?

"आपण आजींसारखंच विचारू," संचिता म्हणाली. तिने घसा खाकरला. "बाबा रे, आज माझी सेवा कुठे, किती वाजता?"

"आज पाच वाजता. शहाड, नदीकाठचा मठ," टॅब गोड आवाजात म्हणाला.

"शहाड!" स्वानंद किंचाळला. "मग दादाच्या मोबाईलवर मानपाडा कसं?"

"थांब. बाबा रे, हे कुठून काढलंस?"

"'आजीची कीर्तने' या कॅलेंडरमधून. मठाची पुण्यतिथी. नोंद गेल्या वर्षीची आहे, दरवर्षी याच तारखेला येते."

"आणि दुसरं कॅलेंडर आहे का?"

"'अधिक महिना' नावाचं कालच तयार झालं आहे. पण ते पाहण्याची परवानगी मला दिलेली नाही."

संचिताने कपाळावर हात मारून घेतला. "हाच तो लोचा! आजपासूनची कीर्तनं दादाने नव्या कॅलेंडरमध्ये घातली आणि याला ते उघडूनच दिलं नाही. त्यात गेल्या वर्षीची पुण्यतिथी तारखेने लावून ठेवली. अरे, पुण्यतिथी तिथीने असते! यंदा मध्ये अधिक महिना आला, म्हणजे ती पुढे गेली. आज मठाला कुलूप असणार!"

मग ऋतुराजने आनंदला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझीच!

"आमच्या आईला मेसेज टाक," संचिता जिन्याकडे धावत म्हणाली. "दौलतमामा स्टँडवर असतील!"

दौलतमामा म्हणजे ऋतुराजचे सख्खे मामा. त्यांनी अर्धंच ऐकलं आणि रिक्षा सुरू केली. "बसा! धरून बसा!"

पत्रीपुलावर गाड्यांची रांग लागली होती.

"मामा, हॉर्न द्या ना!"

"हॉर्नने का पूल रुंद होतो, बाळा?" मामा बोलले खरे, पण जरा फट दिसताच त्यांनी रिक्षा पुढे दामटली. संचिता मनातल्या मनात नाम घेत होती. विठ्ठल, विठ्ठल. सांभाळ रे देवा. कल्याण मागे पडलं, शहाडचा पूल आला, रिक्षा नदीकडे उतरली.

मठाचं फाटक बंद. भलंमोठं कुलूप. चिटपाखरू नाही.

"आजी! ओ आजी!"

उत्तर नाही. पण फाटकाशी चपला होत्या. आजींच्याच!

"चूप! ऐका," संचिता म्हणाली.

मठाच्या मागून आवाज येत होता. छिन्... छिन्... छिन्छिन्... आणि मग काहीच नाही. पुन्हा एकदा छिन्. आजींची झांज आणि तालाला सोडून?

भिंतीला वळसा घालून ती धावली. घाटाच्या पायरीवर, पाण्यापासून हातभर अंतरावर आजी खांबाला टेकून बसल्या होत्या. लुगडं घामाने चिंब, डोळे अर्धे मिटलेले. हात तेवढा आपोआप हलत होता.

"आजी, मी संचिता!"

"बसून घ्या गं... आख्यान लावते..." आजी पुटपुटल्या. मान कलली.

"मामा, धरा त्यांना! ऋतुराज, साखर! पळ!"

ऋतुराज असा पळाला, की एक चप्पल वाटेतच राहिली. वर रस्त्याला चहाची टपरी होती. "मावशी, साखर द्या! आजी बेशुद्ध पडतायत!" टपरीवाल्या मावशींनी काही विचारलं नाही. उकळता चहा तसाच उतरवला, पातेलीत साखर-पाणी ढवळलं आणि त्याच्या पुढेच धावत निघाल्या.

पाणी घशाखाली जाईपर्यंत मावशी आजींना छातीशी धरून बसल्या. घोट घोट. पदराने वारा. पुन्हा एक घोट. स्वानंद रडत होता आणि रडत नसल्याचं दाखवत होता.

शेवटी आजींनी डोळे उघडले. "अगोबाई, तुम्ही इथे? मला वाटलं, मठाने यंदा अधिकाचं कीर्तन ठेवलं असेल..."

संचिताने तिथेच त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

फोन लागला तसा आनंद आला, मागोमाग कुंडलिकराव. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. आनंदने आजींचे पाय धरले. "चूक मशीनची नाही गं, माझी. मी टाकून मोकळा झालो, तुझ्यासारखं विचारून बघितलंच नाही."

"आम्ही रस्ते शोधत फिरलो आणि या पोरांनी नेमका प्रश्न विचारला!" कुंडलिकराव म्हणाले. "शाब्बास! संचिता, मघाशी तुझं ऐकायला हवं होतं बेटा. माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी मानपाड्याला कीर्तन रंगलं. आजींनी तिघांना पुढे बोलावून कपाळाला बुक्का लावला. दौलतमामांचंही नाव घेतलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. टपरीवाल्या मावशींचं नाव मात्र राहिलं. राहणारच! कुणाला ठाऊकच नव्हतं. आजी सावध झाल्या तेव्हाच, टपरीवर गिऱ्हाईकं खोळंबलीत म्हणून मावशी निघून गेल्या होत्या. मुलं पातेली परत करायला गेली, तेव्हा नाव कळलं. रखमाबाई.

तर बाळांनो, आज रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा एवढंच करा. शहाडच्या त्या रखमाबाईंची आठवण ठेवा.