हयातीत ऐकू नये

"पेन! आधी ते पेन खाली ठेवा!"

हेस्टर इतकी दचकली, की पेन हातातून उडून टेबलाखालीच गेलं. काउंटीच्या अभिलेखागारात ती पहिल्यांदाच आली होती. समोर पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा गावाचा नकाशा पसरलेला, आणि पलीकडे तांबूस केसांचा एक तरुण जीव मुठीत धरून उभा.

"इथं फक्त पेन्सिल चालते," तो म्हणाला. "शाईचा एक ठिपका जरी पडला असता ना..."

"तर काय, फाशी?"

"छे! त्याहून वाईट. माझ्याकडून व्याख्यान."

तो रूफस टँडी, तिथला अभिलेखपाल. त्यानंतर हेस्टर दर मंगळवारी येऊ लागली. वडिलांच्या सफरचंदांच्या बागेला पूर्वी काय नाव होतं, ते तिला शोधायचं होतं.

"बाबा म्हणतात, नाशपातीची झाडं सफरचंदांच्याही आधीची आहेत," ती सांगायची.

रूफस एरवी बडबड्या. पण बाबांचा विषय निघाला, की तो नजर चुकवायचा... नकाशाचे कोपरे उगाचच नीट करत बसायचा. हेस्टरला ते खुपायचं. चहाला मात्र दोघं सोबत जायची, आणि केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मे महिन्यात नाव सापडलं – 'लांब कुरण'. पुढच्या मंगळवारी ती बागेचे जुने फोटो घेऊन आली, अभिलेखागाराला द्यायला.

"कुणाच्या नावे लिहू?" रूफसनं विचारलं.

"लेनर्ड व्हिटलो." ती थांबली. "कै. लिही... आधी."

रूफसचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"अगं, पण तू तर... 'बाबा म्हणतात' म्हणायचीस!"

"'म्हणायचे' असं तोंडातून निघतच नाही, रूफस."

तो मटकन खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "त्यांचा आवाज आहे इथं. तीन वर्षांपूर्वी मीच ध्वनिमुद्रित केलाय. जुन्या बागवानांच्या आठवणी आम्ही जपतो ना... त्यांची अट होती – हयातीत कुणी ऐकायचं नाही. तू तर मुळीच नाही."

हेस्टरच्या पायाखालची जमीन सरकली. बाबांचा आवाज तिच्याकडे कुठंच नव्हता. फोनवरचा एक निरोपही नव्हता. आणि हा माणूस...

"तू ओळखत होतास त्यांना! दर मंगळवारी समोर बसून... गप्प?"

"शब्द दिला होता गं. मला वाटलं, ते आहेत. तुझं आडनाव पाहिलं त्याच दिवशी सांगावंसं वाटलं होतं."

रूफसनं तिला बाजूच्या खोलीत नेलं, हेडफोन दिले. स्वतः दुसरे कानाला लावले.

आधी खाकरणं. मग... बाबा. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

'पोरगी आहे माझी. हट्टी. झाडं छाटते मात्र माझ्यापेक्षा बरी. हे तिला कळता कामा नये हं, डोक्यावर बसेल.'

हेस्टर रडता रडता हसली. तेवढ्यात रूफस एकदम दचकला आणि यंत्राकडे झेपावला. "पुढचं नको! पुढचं मी विसरलोच होतो—"

तिनं त्याचा हात धरला. कानात तीन वर्षांपूर्वीचा रूफस चाचरत विचारत होता, 'लग्न... झालंय का तिचं?'

'का रे?' बाबा म्हणाले. 'तुला झाडं छाटता येतात?'

मग दोघांचं मोठ्यानं हसणं, आणि शांतता.

रूफसचे कान त्याच्या केसांपेक्षा लाल झाले होते. हेस्टरनं हेडफोन काढले. त्याचा हात तिच्या हातातच होता.

"येतात?" तिनं विचारलं.

"नाही... शपथ, एकही नाही."

"रविवारी लवकर ये," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि जुने बूट घाल. लांब कुरणात चिखल असतो."